हरिपूरचे तीन गुंठे आणि कुजलेली भेंडी

१९ जानेवारी २०२५ला, रविवारी, मी शंभर ग्रॅम भेंडीचं बी मातीत घातलं आणि बरोबर दोन आठवड्यांनी त्यातलं जवळजवळ सगळं कुजलेलं उकरून काढलं. माझ्या शेतीची सुरुवात ही अशी झाली.

जागा हरिपूरची. सांगलीपासून तीन-चार किलोमीटर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि हळद साठवायची जमिनीतली पेवं यांमुळं गाव सगळ्यांना ठाऊक. तिथं माझ्या आत्याचं रान आहे. विहीर आणि बांध यांच्या मधला तीन गुंठ्यांचा तिकोनी तुकडा डिसेंबरात खोडवा, म्हणजे जुन्या बुडख्यांवर पुन्हा फुटलेला ऊस, तुटून गेल्यावर मोकळा झाला. ट्रॅक्टर नीट वळत नाही म्हणून त्यात पुन्हा ऊस लावायची आत्याच्या पोराची इच्छा नव्हती. "पडूनच राहणार आहे, कर तुला काय करायचं ते," आत्या म्हणाली. तीन गुंठे म्हणजे सव्वातीन हजार चौरस फूट. विश्रामबागेतला आमचा फ्लॅट त्यात चार-पाच वेळा मावेल. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हिशेब बघते. आयुष्यात कुंडीतल्या कढीपत्त्यापलीकडं काही लावलेलं नव्हतं, तरी आकड्यांची भीती नसल्यामुळं मला वाटलं, जमेल.

आकड्यांनी सुरुवात बरी झाली. शेणखत गुंठ्याला अडीचशे किलो धरलं तर पाऊण टन. ते आत्याच्या उकिरड्यातूनच निघालं. पहिली पाटी ओतली तेव्हा ढेकळं फुटून त्यातून पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या जाड, वेटोळं करून पडलेल्या अळ्या निघाल्या. तोंड तपकिरी, मागचं टोक काळपट. इकडं अशा अळीला सरसकट हुमणीच म्हणतात. खत नीट कुजलेलं नसलं की ती असणारच, आणि न बघता पसरलं तर आपणच तिला रोपांच्या मुळांशी नेऊन सोडतो. मी ताडपत्री अंथरून सगळं खत पातळ पसरलं आणि चहा प्यायला गेले. परत येते तर साळुंख्यांची पंगत बसलेली. दोन दिवस रोज खत वर-खाली करायचं आणि पाखरांवर सोडून द्यायचं, एवढंच केलं. औषधाचा डबा उघडावा लागला नाही.

आता त्या भेंडीकडं येते.

माझा हिशेब असा होता. संक्रांत झाली, म्हणजे थंडी संपत आली. दुपारी तीस अंश, ऑफिसात पंखे सुरू. उन्हाळी भाजी जितकी लवकर लावू तितकी लवकर खाऊ. मग वरंब्याच्या, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या मातीच्या उंचवट्याच्या, अगदी माथ्यावर काडीनं भोकं पाडली, कोरडं बी टाकलं, माती ओढली आणि सऱ्या तुडुंब भरून पाणी सोडलं. शेजारच्या रानातले आप्पा बांधावरून बघत होते. सत्तरीचे गृहस्थ, डोक्याला मफलर.

"ताई, भेंडी घालालाय व्हय?"

"हो, आप्पा."

"भुई अजून गार हाय की."

मला ते बोलणं थंडीवरचं वाटलं, हवापाण्याच्या गप्पांसारखं. मी हसले आणि पाणी सोडत राहिले.

२ फेब्रुवारीला गेले तर वरंबे तसेच, काळे आणि गप्प. मोजून अकरा रोपं वर आलेली, तीही पिवळट. बाकी ठिकाणी बोटानं उकरून बघितलं. बी फुगून दुप्पट झालेलं, साल सुटलेली, चिमटीत दाबलं की आतून पांढरट चिकट पातळ बाहेर यायचं. वास चार दिवस भिजत राहिलेल्या उडदाच्या डाळीचा. एका ओळीत वीस दाणे उकरले. वीसही तसेच.

आप्पा या वेळी बांध ओलांडून आत आले. आधी त्यांनी काही न बोलता वरंब्याच्या माथ्यावरचा पांढरा पापुद्रा नखानं खरवडला आणि जिभेवर टेकवला. "बघा," म्हणाले. मीही टेकवला. खारट! सांगली-मिरज पट्ट्यात वर्षानुवर्षं उसाला पाणी देऊन देऊन क्षार वर आलेल्या जमिनी भरपूर आहेत. आत्याचा तुकडा काही त्यांच्याइतका बिघडलेला नाही, पण विहिरीकडची सखल बाजू थोडी फुललेली, म्हणजे वर मीठ आलेली, आहे. सरीत पाणी सोडलं की ते वरंब्यात चढतं, माथ्यावर येऊन उन्हानं उडून जातं आणि येताना आणलेलं मीठ तिथंच ठेवून जातं. म्हणजे मी बी नेमकं मिठाच्या ढिगात घातलं होतं. बी घालायचं ते वरंब्याच्या बगलेत, निम्म्याच्या खाली, जिथं ओल पोचते आणि मीठ मात्र वर निघून जातं.

मग ते म्हणाले, "सकाळी आठला बोट घालून बघा रानात." मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी स्कूटरवरून तेवढ्यासाठी गेले. हवेत गारठा बेताचाच होता, पण दोन पेरं खोल बोट घातलं तर फ्रिजमधल्या कणकेत घातल्यासारखं वाटलं. भेंडीला माती सतरा-अठरा अंशांच्या वर लागते. हवा दुपारी तापते, माती इतक्या लवकर तापत नाही, आणि वरून तुडुंब पाणी सोडलं की आणखी गार पडते. भेंडीच्या बियाला असं पंधरा दिवस गार पाण्यात बसवून ठेवलं होतं मी.

मग मार्चमध्येच का लावू नये, असं मी विचारलंच. त्यालाही उत्तर होतं. उशीर झाला की रोप लहान असतानाच पांढरी माशी वाढलेली असते आणि भेंडीची पानं पिवळ्या शिरांची होतात. काकडी-दोडक्याला एप्रिलच्या उन्हात नर फुलंच जास्त येतात, फळ धरत नाही. शिवाय विहीर तळाला जाते. म्हणजे थंडी गेली आणि ऊन अजून आलं नाही अशा तीनेक आठवड्यांच्या फटीतच हे सगळं बसवायचं. रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती. आत्याच्या मते तिथून पुढं भुई तापायला लागते. पंचांगाच्या बाबतीत मी आत्याशी सहसा वाद घालत नाही, आणि या वेळी बोटानंही तेच सांगितलं. आठवड्याभरात तोच गारवा निम्मा झाला होता.

आप्पांनी सांगितलेला क्रम माझ्या उलटा होता. आधी रान भिजवायचं, मग वाफसा येऊ द्यायचा, म्हणजे जादा पाणी मुरून माती नुसती ओलसर, न चिकटणारी होऊ द्यायची, मग बी, आणि उगवून येईपर्यंत पुन्हा पाणी नाही. ऐकायला सोपं. पण रान भिजवायचं तर मोटर चालू व्हायला हवी आणि मोटरीला लाईट लागते. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा निघाला.

गुरुवारी, ६ तारखेला, रात्री साडेदहाला आम्ही नवराबायको हरिपुरात. अंगात स्वेटर, माझ्या पायात पावसाळ्यातले गमबूट, नवऱ्याच्या कपाळाला बॅटरी. दारं धरणं म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. पाटातून पाणी येतं, एक सरी भरत आली की खोऱ्याभर माती टाकून तिचं तोंड बंद करायचं आणि लगेच पुढच्या सरीचं तोंड फोडायचं. दिवसा पाणी दिसतं. रात्री ते नुसतं ऐकू येतं. सरी भरत आली की खळखळ बारीक होत जाते आणि मग एकदम थांबते. माझ्या कानाला ते जमेपर्यंत दोन वेळा पाणी बांध फोडून आप्पांच्या गव्हात गेलं. तिसऱ्या वेळी नवऱ्यानं खोरं माझ्या हातातून घेतलं आणि मी नुसती ऐकून "आता!" म्हणायचं असं ठरलं. तीन गुंठ्यांना दीड तास लागला. ज्यांना चार एकर भिजवायचं असतं ते रात्रीचं कसं करत असतील, ते मला अजून नीट कल्पनेत आणता येत नाही. विंचू-सापाची भीती वेगळीच.

वाफसा हा शब्द मी शाळेत वाचला होता, अर्थ पाठ होता, म्हणजे काहीच माहीत नव्हतं. रविवारी ९ तारखेला उत्साहानं गेले तर चपलेला एकेक किलो चिखल. मूठभर माती घेऊन दाबली, लाडू झाला. कमरेएवढ्या उंचीवरून सोडला तर भद्दकन् पडून तसाच्या तसा बसला, वर माझ्या बोटांचे ठसे. "नाही अजून," आप्पांच्या बायकोनं लांबूनच सांगितलं. आमची जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. अशा चिखलात पाय घातला तरी पुढं तिथं वीट होते. बुधवारी, १२ तारखेला, पुन्हा लाडू केला. दाबल्यावर झाला, पण तळव्याला चिकटला नाही, आणि खाली पडल्यावर त्याचे पाच-सहा तुकडे होऊन भुगा पसरला. मी तिथूनच ऑफिसला फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. कारण विचारलं तर म्हणाले, घरचं काम आहे. "वाफसा आलाय" असं रजेच्या अर्जात कसं लिहिणार?

त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. शेजारी आप्पांची हळद निघत होती. बायका कुदळीनं गड्डे उचकटून माती झाडत होत्या, आणि पलीकडं कुठंतरी हळद शिजत होती, तिचा उग्र, मातकट गोड वास सगळ्या रानावर पसरलेला. भेंडीचं बी आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजत घातलं होतं. वर तरंगलेलं काढून टाकलं. या वेळी परभणी क्रांती ही जात आणली होती. तिच्यावर पिवळ्या शिरांचा रोग तुलनेनं कमी येतो म्हणून. बी सुती फडक्यावर टिपून, ट्रायकोडर्मा (बी कुजू न देणारी उपयोगी बुरशी) चोळून, वरंब्याच्या बगलेत एका पेराएवढं खोल, एका जागी दोन दाणे, दोन जागांत वीतभर अंतर. बोटानं भोक, दाणे, भुसभुशीत माती, हलका दाब. पुढचं भोक. साडेतीन तासांत भेंडी आणि गवार दोन्ही झाल्या. गवार भिजवली नाही. पुसा नवबहार आणली होती. ती फारशा फांद्या न फुटता सरळ एका खोडावर वाढते, त्यामुळं कमी जागेत बसते.

पाणी न देता परत येणं फार अवघड गेलं. हात शिवशिवत होते. मंगळवारी १८ तारखेला संध्याकाळी गेले तर वरंब्यांच्या बगला जागोजागी भेगाळलेल्या, आणि प्रत्येक भेगेत वाकलेल्या मानेचं एक हिरवं आकडं. मी मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढं सोडून दिलं.

वेलांची तऱ्हा वेगळी. काकडीचं आणि दोडक्याचं बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं तर तीन दिवसांत मोड आले. कारल्याचं कवच मात्र शिंपल्यासारखं. त्याचं टोक मी नेलकटरनं जरासं कातरलं. तरी हूं नाही की चूं नाही. आत्यानं पुरचुंडी माझ्या हातातून घेतली आणि उकिरड्यात हातभर खोल पुरली. आतल्या उबेनं चौथ्या दिवशी पांढरे कोंब दिसले. आमच्या घरात फ्रिजच्या मागं ठेवलेल्या दुसऱ्या पुरचुंडीतले निम्मेही फुटले नव्हते. १६ तारखेला हे सगळं आळ्यांत, म्हणजे वेलांसाठी केलेल्या गोल खळग्यांत, गेलं.

पालेभाजीचं फार सांगण्यासारखं नाही. धणे चपलेनं रगडून दोन फाका केले की कोथिंबीर एकसारखी येते. पालक बिनबोभाट येतो. मेथी मी हौसेनं घातली, ती उन्हानं लगेच फुलावर गेली आणि कडू झाली. मेथी थंडीतच खावी.

२३ तारखेच्या रविवारी काकडीला जेमतेम दोन जाड पानं आलेली, आणि दोन्ही पानांना चाळणीसारखी भोकं. नारिंगी-लाल, चकाकते, मसुरीपेक्षा थोडे मोठे भुंगेरे पानावर बसून निवांत खात होते. हात नेला की टुणकन् उडायचे. सहा आळ्यांतली रोपं एका दिवसात गेली. आप्पांचं म्हणणं, उन्हात त्यांच्या मागं लागू नका, पहाटे या, गारठ्यात ते उडत नाहीत. ऑफिसच्या दिवशी पहाटे जमेना. सुट्टी मिळाली ती २६ला, महाशिवरात्रीची.

सकाळी साडेसहाला हातात साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन मी आळ्याआळ्याशी बसले. खरंच, ते अंग आखडून पानाच्या मागं बसलेले होते. बोटानं टिचकी मारली की डब्यात. चाळीसेक झाले असतील, तेवढ्यात आत्या देवळाला निघालेली दिसली. हातात बेलाची पानं.

"आज काय करालीस गं हे? शिवरात्र हाय, उपास हाय तुझा."

"आत्या, त्यांचा उपास नाही ना."

ती काही बोलली नाही. देवळातून परत आली ती चुलीतली राख घेऊन. राखेला तिचा आक्षेप नव्हता. पानावर दहिवर होतं तोवर तिनं प्रत्येक रोपावर राख शिंपडली आणि म्हणाली, "आता खाणार न्हाईत. न मारता झालं." खरं सांगायचं तर माझ्या डब्याचा आणि तिच्या राखेचा वाटा किती, ते ठरवता येणार नाही. चार दिवसांनी तिसरं पान आलं, रोप खरखरीत झालं आणि भुंगेऱ्यांचा जोर गेला.

वांग्याची आणि मिरचीची रोपं मी रोपवाटिकेतून ट्रेमध्ये वाढवलेली आणली. कृष्णाकाठी राहून वांगं लावायचं नाही म्हणजे काय? भरतासाठी साठ वांगी, तोंडी लावायला चाळीस मिरच्या. २ मार्चला, रविवारी, चारनंतर ऊन उतरल्यावर लावली. आधी सरीत पाणी, मग ओल्या बगलेत रोप. ट्रेमधून काढताना खोडाला धरायचं नाही, खालून भोकातून बोटानं ढकलायचं, हे मला सात रोपं मोडल्यावर कळलं. प्रत्येकाच्या पश्चिमेला सुबाभळीची एकेक डहाळी खोचली. बघणाऱ्याला वाटावं, डहाळ्यांचीच लागण केलीय. तिसऱ्या दिवशी आंबवणी, म्हणजे लागणीनंतरचं पाणी, द्यायची होती. म्हणजे ५ तारीख, आणि लाईट पुन्हा रात्रीची. या वेळी नवरा एकटाच गेला आणि आल्यावर अभिमानानं म्हणाला, "आप्पांच्या रानात थेंब गेला नाही." आप्पांचा गहू तोवर कापून झालेला होता, हे मी त्याला सांगितलं नाही. मिरचीला पुढं पानं आकसवणारा बोकड्या रोग आला आणि निम्म्या मिरच्या गेल्या. वांगी टिकली.

विरळणी मला जमली नाही, अजूनही जमत नाही. एका जागी दोन धडधाकट रोपं असताना त्यातलं एक उपटायचं म्हणजे हात पुढं होत नाही. आप्पांची बायको बोलत-बोलत एक ओळ निम्मी करून गेली. उपटलेली रोपं तिनं शेळीसाठी ओच्यात घेतली. राहिलेल्या दोन ओळी मी तशाच ठेवल्या. त्यांतली झाडं उंच, काटकुळी झाली आणि शेंगा कमी लागल्या.

होळी १३ मार्चला होती. तोवर दुपारी शेतात उभं राहवत नव्हतं. जानेवारीतली ती अकरा भेंडीची रोपं मी काढून टाकली नव्हती. तीन आठवड्यांनी मोठी असूनही फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती जागची हलली नाहीत. मागून आलेल्यांनी त्यांना होळीपर्यंत गाठलंच. अकरांना पहिलं फूल आलं २४ मार्चला. १२ फेब्रुवारीच्या भेंडीला आलं ३० मार्चला, पाडव्याच्या दिवशी. चोवीस दिवस आधी पेरून पदरात पडले ते सहा दिवस, आणि त्यासाठी शंभर ग्रॅम बी.

पाडव्याला सकाळी गुढी उभारून आम्ही हरिपूरला गेलो. मोठ्या ओळींत फिकट पिवळी, आत गर्द तांबडा ठिपका असलेली फुलं उमललेली. तोडायला मात्र त्या अकरांवरच्याच शेंगा होत्या. सगळ्या मिळून नऊ. मी त्या ओंजळीत धरून आत्याला दाखवायला नेल्या. तिनं चष्मा लावला, एकेकीचं शेंड्याचं टोक वाकवून बघितलं. सात कटकन् मोडल्या. दोन नुसत्या वाकल्या.

"या दोन निबर," ती म्हणाली आणि त्या शेळीपुढं टाकल्या. "बाकीच्या श्रीखंडाबरोबर खाणार काय?"